लेन टुलीचं तोंड

आमचा संपादक पार्जिटर. अख्खं युद्ध यानं काढलं पुरवठा खात्याच्या कचेरीत, टाइपरायटरमागे. तळपाय सपाट म्हणे, म्हणून पलटणीत घेतलं नाही! पण पोरांच्या युद्धकथांच्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ टेबलावर आलं की बाबा लगेच सेनापती. आपला शिपाई तोंड फाडून ओरडतोय, जर्मन उताणा पडतोय, मागे आगडोंब. झालं याचं युद्ध. वर चित्रकारानं सही करायची नाही. केलीच, तर ती रंगानं झाकायचं काम माझं. पाच वर्षं चित्रकला शिकून लंडनमध्ये मी हे दिवे लावत होतो.

आमच्या चित्रकारांत खरोखर रणगाड्यात बसलेला एकटा विल्फ हेब्डन. त्या वसंतात त्यानं आणलेल्या चित्रात रणगाड्यातून डोकावणारा पोरगा गप्प होता. ओठ मिटलेले.

“याची काय दाढ दुखतेय?” पार्जिटर खेकसला. “क्लाइव्ह, उघड रे याचं तोंड. दात दिसू देत.”

“हो साहेब,” मी म्हणालो. मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि वीस मिनिटांत, मूळ चित्रावरच, पोस्टर कलरनं आरोळी रंगवून दिली.

अंक निघाला त्या दिवशी दुपारी विल्फ आला. टोपी हातात.

“साहेब, चित्र परत हवंय. तो माझा दोस्त, लेन टुली. नॉर्मंडीत रणगाड्यात जळाला. घरावर बॉम्ब पडला त्यात त्याचे फोटोही गेले. रविवारी त्याच्या आईला ऐंशी पूर्ण होतात, तिला द्यायचंय. छापखान्यानं तोंड बिघडवलंय, पण मूळ तर शाबूत असेल ना?”

“मूळ चित्रं कंपनीची,” पार्जिटर म्हणाला. “तुला एक दिलं की उद्या सगळे दारात उभे.” आणि हा कोडगा कोट चढवून जेवायला निघून गेला.

विल्फला थांबवून मी तळघरात धावलो. कंपनीची ही मौल्यवान मालमत्ता तिथं गळक्या नळाखाली अंथरलेली! लेन कोरडा होता, नशीब. ओल्या कापसानं माझी आरोळी हळूच पुसायला घेतली. म्हटलं, विल्फला कळणारही नाही. दात गेले, जीभ गेली, आणि त्याबरोबर विल्फनं काढलेले ओठही निघून आले. पांढरा पुठ्ठा उरला.

वळलो तर विल्फ पायरीवर उभा.

“छापखान्यानं नाही केलं ते,” मी म्हणालो. “मी केलं. त्या पार्जिटरनं सांगितलं म्हणून.”

वाटलं, कानाखाली वाजवेल. वाजवायलाच हवी होती. पण तो खोक्यावर बसला, खिशातून ब्रश काढला आणि पुठ्ठ्यासमोर नुसता धरून राहिला.

“आठवत नाहीत रे,” तो म्हणाला. “डोळे मिटले की तुझंच ते छापलेलं तोंड येतं. तू तर वीस मिनिटं समोर घेऊन बसला होतास. सांग ना, कसे होते त्याचे ओठ?”

त्या वीस मिनिटांत मी पार्जिटरला शिव्या घालत होतो. लेनकडे मी बघितलंच नव्हतं.