मंजूषामामींचं नाक

पाध्यांच्या साऱ्या गोतावळ्यात मंजूषाच्या नाकाला मोठा मान होता. लग्नाचा आचारी ठरवायचा, तर आधी मंजूषाला त्याच्या पातेल्यावर वाकायला लावत. आत तूप कढत असलं की बाहेर वर्तमानपत्र वाचता वाचता ती "आता उतरवा" म्हणायची, आणि तूप रवाळच निघायचं. त्याच शहरात कोटरा सुल्तानाबादला राहणारी तिची मोठी नणंद, प्रमिलाताई, हिंगसुद्धा तिच्या सल्ल्याशिवाय घेत नसे. फोनला हिंगाचा डबा लावून धरायचं तेवढं बाकी होतं.

आणि हे नाक गेली दोन वर्षं ठार बंद होतं. एका साध्या तापात वास गेला, तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित येणारही नाही. एवढं सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, असं मंजूषाला वाटलं. तिनं हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. उज्जैनहून या घरात आली तेव्हा ती फार शिकलेली नव्हती आणि रूपानंही बेताचीच होती. सासरी जी काही पत मिळवली ती या नाकाच्या जोरावर. ते गेलं असं कळलं की सगळे तिला बिचारी म्हणणार, आणि बिचारी होण्यापेक्षा खोटारडी झालेलं परवडलं, असा तिचा हिशेब होता.

म्हणून ती आता डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक करायची. तूप उतरवायचं ते रंगावर आणि बुडबुड्यांच्या आवाजावर. दुधाचा भरवसा नसला तर आधी वाटीभर उकळून बघायचं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळत होतं, त्यावर गाडी चालली होती.

तर अशात प्रमिलाताईंचा मुलगा अजिंक्य तैवानहून सुट्टीवर आला. तिथं चिपच्या कंपनीत इंजिनीयर असलेला हा मुलगा येताना वेगवेगळ्या उंच डोंगरांवरचा ऊलाँग चहा घेऊन आला, आणि रविवारी दुपारी आईसकट मामाच्या अरेरा कॉलनीतल्या घरी हजर झाला. अंगठ्याएवढी किटली, त्याहून लहान पेले, आणि वास घेण्यासाठी वेगळे उंच, निमुळते कप. मंजूषाचे पती मधुकर, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, ती भातुकली बघून म्हणाले की एवढ्या पाण्यावर आमच्या खात्यानं योजना आखली नसती.

अजिंक्यनं समजावून सांगितलं. हा चहा नुसता प्यायचा नाही, आधी हुंगायचा. डोंगर जितका उंच तितका चहा हलका आणि वास नाजूक. दूध नाही, साखर नाही. पानांच्या आवळलेल्या गोळ्यांवर गरम पाणी ओतायचं आणि ते पहिलं पाणी चक्क टाकून द्यायचं, त्यानं पानं जागी होतात. त्यानं ते पाणी एका वाडग्यात ओतलं तेव्हा प्रमिलाताईंच्या कपाळावर आठी आली. इतक्या लांबून आणलेला चहा असा टाकून द्यायचा म्हणजे काय, असं त्या पुटपुटल्या.

"मामी, मी बताता नाही कुठला कप कुठल्या पहाडचा," अजिंक्य म्हणाला. "सगळ्यात उंच पहाडचा कुठला, ते तू ओळखायचं. तिथे माझ्या दोस्तांना सांगून ठेवलंय, आमच्या मामीचं नाक देखो."

मंजूषा सबब शोधू लागली. सर्दी झालीय म्हणावं, तर सकाळपासून एकदाही शिंकली नव्हती. जरा वेळ मिळावा म्हणून ती चहाबरोबर काहीतरी आणते म्हणत स्वयंपाकघरात गेली. काही नको, असं अजिंक्य ओरडला. नुसता चहा का कुणी देतं, असं प्रमिलाताईंनी त्याला सुनावलं. मुरमुऱ्यांचा डबा हातात धरून मंजूषा ओट्याशी दीर्घ श्वास घेत उभी राहिली, पण श्वासाबरोबर आत हवाच जात होती.

ती बाहेर आली तेव्हा अजिंक्य बाल्कनीत फोनवर होता आणि ट्रेमध्ये चार कप होते. तो परत आला आणि ट्रेकडे नीट न बघताच म्हणाला, "हां मामी, पहिली तू."

तिनं एकेक कप नाकाशी नेला, डोळे मिटले, मान हलवली. हा अभिनय आता तिला छान जमत होता. मग एकेक घोट घेतला. पहिला किंचित तुरट, दुसरा गोडसर, तिसराही गोडसरच. चौथा अगदी फिकट, जिभेला जेमतेम कळेल एवढा. हलका म्हणजे उंच, असं पोरगा म्हणालाच होता. ती मनातल्या मनात सुटली.

"हा," चौथा कप पुढे सरकवत ती म्हणाली. "यात प्रश्नच नाही. केवढा वास आहे याला. कवठी चाफा अगदी."

अजिंक्यनं ट्रेकडे पाहिलं. बोट फिरवून कप मोजले. "मैंने तो तीनच भरले होते," तो म्हणाला.

प्रमिलाताई जराही संकोचल्या नाहीत. पाहुण्यांपुढे तीन कधी ठेवत नाहीत, एवढंही या मुलाला आठवू नये याचं त्यांना वाईट वाटलं. म्हणून त्यांनीच चौथा कप भरून ठेवला होता, वाडग्यातल्या त्या टाकून दिलेल्या पाण्यानं. नाहीतरी वायाच जात होतं.

अजिंक्य मामीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं होतं. आता विचारतील, आणि मग आयुष्यभर गॅसपाशी कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून उभं राहील, हे तिला स्पष्ट दिसलं.

मधुकररावांनी हात लांब करून तो कप उचलला. नाक आत घालून एक लांब श्वास घेतला, मग दुसरा.

"चाफाच आहे," ते म्हणाले. "मला पण आला."

आता मामालाही आला म्हटल्यावर अजिंक्यनं कप हुंगला. बराच वेळ हुंगला. पहिल्या पाण्यात थोडा वास उतरतो खरा, असं त्यानं कबूल केलं. प्रमिलाताईंना तर तो न हुंगताच आला. आपण वाचवलेल्या पाण्याचं कौतुक त्या फाटकाबाहेर पडेपर्यंत सांगत होत्या.

दोघं गेल्यावर मंजूषा मुरमुऱ्यांच्या बशा विसळायला लागली. मधुकरराव शेजारी फडकं घेऊन उभे राहिले.

"चाफा नव्हता ना?" तिनं विचारलं.

"गरम पाणी होतं," ते म्हणाले.

तिनं नळ बंद केला. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

मधुकररावांनी एक बशी गरजेपेक्षा जास्त पुसली. "मी गच्चीवर सिगरेट ओढायचो, जेवण झाल्यावर. पूर्वी एक झुरका घेतला तरी तू जिन्यात गाठायचीस. त्या तापानंतर मी रोज ओढून येऊन तुझ्या शेजारी बसायचो, आणि तू अवाक्षर काढत नव्हतीस. मला वाटलं, माफ केलंस. मग एकदा धुवायला टाकताना तू माझा शर्ट नाकाशी धरलास, कितीतरी वेळ धरलास, आणि रडायला लागलीस. मी दारात होतो."

मंजूषाला आधी संताप आला. "म्हणजे दोन वर्षं ओढताय?"

"सोडली. त्याच दिवशी."

"का?"

"तुला फसवणं इतकं सोपं झालं होतं, की ओढवेना."

मंजूषाचे डोळे भरून आले. जुन्या सवयीनं तिनं त्यांच्या शर्टापाशी नाक नेलं आणि छाती भरून हुंगलं. काही म्हणजे काही आलं नाही. तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला.