जमिनीतली वायर

माझ्या कीबोर्डची पिन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घातली आणि दोन्ही कर्ण्यांतून घुरघुर सुरू झाली. कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीचा सत्यनारायण होता, साल पंच्याऐंशी. आरतीनंतर गाण्यांचा कार्यक्रम. तळोज्याच्या कारखान्यात हजेरीपट लिहिणारा मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होतो.

मेव्हण्याने दुबईहून आणलेल्या त्या कीबोर्डच्या पत्र्याला हात लागला की घरीही मुंग्या यायच्या. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. एवढ्या हौसेच्या वस्तूला नावं ठेवायला मन होत नव्हतं.

साऊंडवाला गोटीराम गावातला. आमच्या इमारती उभ्या राहिल्या त्या जागी त्याची भातशेती होती. त्याने अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर, पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी, मांडवाबाहेर जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधली होती. ती सोडली की घुरघुर जाईल, एवढी अक्कल मी पुस्तकातून उचललेली. तसं त्याला म्हणालो, तर त्याने मानही वर केली नाही.

“घुरघुर चालंल, साहेब. ती वायर नाय काढाची. बाई अनवानी गानार हाय.”

पूजेच्या मांडवात गाणाऱ्या चारुलताबाई चपला घालून कशा येतील? आणि सकाळी सारवलेली जमीन अजून ओली होती. मला सगळं दिसत होतं. पण माझे ऑफिसातले लोक खुर्च्यांवर येऊन बसले होते आणि हा मला शिकवतो, याचा राग डोक्यात गेला होता. गोटीराम प्रसादाला गेला तेव्हा मी वायर सोडली. घुरघुर थांबली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

गाणाऱ्याच्या हाती माइक देण्याआधी गोटीराम स्वतः चपला काढून तो मुठीत धरायचा. प्रत्येक कार्यक्रमात. त्या दिवशीही धरला. त्याचा ‘हॅलो’ पुरता बाहेर पडला नाही.

कुणीतरी मेन स्विच पाडला. सगळे त्याच्याकडे धावले. मी मांडवाबाहेर धावलो आणि वायर परत सळईला बांधली. पोलिसांनी नंतर ती जागेवरच पाहिली.

बारावं झाल्यावर त्याच्या घरी गेलो, सांगून टाकायचं ठरवून. वाटेत वाक्य घोकत होतो. त्याची बायको सखू ओटीवर होती. मी कीबोर्डवाला, एवढं सांगितलं. तिने बसायला पाट दिला, पाणी आणलं.

“तुमचे पेटीला काय झाला नाय ना?” तिने विचारलं. “त्याना वाजवनाऱ्यांचे सामानाची लई काळजी.”

“नाही,” मी म्हणालो, आणि पाणी प्यायलो.