सासऱ्याचं वजन

"गळ्यात हात घाला, मामंजी. गळ्यात म्हटलं, केसात न्हाय!"

"डावा घातलाय. उजवा माझं ऐकतोय कुटं?"

"तुमच्यावरच गेलाय त्यो. तुमी तरी कुनाचं ऐकता?"

सुमिनाच्या घरात रोज सकाळी हीच बोलाचाली चालायची. शेजारच्या बाया अंगणात कसाव्याचे कंद सोलता सोलता कान देऊन हसायच्या. म्हातारा कार्सो म्हणजे मूळचा आडदांड गडी. जावा बेटावरच्या गुनुंगकिदुलच्या चुनखडीच्या डोंगरात चाळीस वर्षं त्यानं विहिरी खणल्या होत्या. घण मारून मारून खांदे असे रुंद झालेले की दारातून आत येताना तिरकं व्हावं लागायचं. गेल्या साली उजव्या अंगावरून वारं गेलं आणि एवढा मोठा ऐवज खाटेवर येऊन पडला. मुलगा पर्यांतो समुद्रापलीकडं, कालिमंतानला इमारतींच्या कामावर. मग म्हाताऱ्याला उठवायचं, बसवायचं, न्हाणीत न्यायचं, परत आणायचं, हे सगळं सुनेच्या कमरेवर आलं. दिवसातून पाच-सहा वेळा. आणि सुनेला आता सातवा लागला होता.

त्या सकाळी तिनं त्याच्या गुडघ्याला गुडघा लावला, "हं!" म्हणून जोर काढला. म्हातारा अर्धा उठला आणि तिचं पोट एकदम दगडासारखं कडक झालं. तोंडातून आवाजसुद्धा निघेना. पण सासऱ्यानं तिचं तोंड बघितलं. डाव्या हातानं खाटेचा खूर धरला आणि स्वतःला धाडकन मागं टाकून दिलं.

"बस! खाली बस, पोरी!" तो ओरडला. "अगं बायांनो, कुनीतरी या!"

बाया धावल्या. एकीनं सुईणबाईला बोलावलं. सुईणबाई फटफटीवरून आली, पोट चाचपलं, नळी लावून ठोके ऐकले.

"बाळ मजेत हाय. तुझं पोट तेवढं तक्रार करतंय. आजपासून उचलाउचल बंद. बादली न्हाय, पोतं न्हाय, आन् ह्यो म्हातारा तर न्हायच न्हाय."

"मग ह्यास्नी कोन उचलनार?"

"ते मला इचारू नगंस. मी बाळं काढते, म्हातारे न्हाय."

दोन दिवस शेजारचे बाप्ये येऊन गेले. पण पाऊस पडून लाल माती भिजलेली, कसाव्याची लावणी सुरू झालेली. ते सकाळी यायचे ते एकदम दिवस मावळताना. मधल्या वेळेला काय करायचं?

कार्सोनं त्यावर परस्पर तोडगा काढला. चहा नको म्हणाला नाही, घेतला. पाणी घेतलं. आणि तिसऱ्या दिवसापर्यंत मधल्या वेळेला एकदासुद्धा न्हाणीत न्या म्हणाला नाही. सुमिनाला आधी बरं वाटलं. मग त्याचे ओठ वाळलेले दिसले. आणि शेळीला पाला टाकायला ती घरामागं गेली तर खाटेजवळच्या बांबूच्या कुडाखाली मुंग्यांची ही रांग! गोड चहाचं थारोळं झालेलं.

ती तशीच आत आली. हातात पाल्याची फांदी होती.

"चहा कुनाला पाजताय, मामंजी? मुंग्यास्नी?"

तिनं फांदी जमिनीवर आपटली.

"बोला की! वाळून मरायचं ठरवलंय काय? पर्यांतोला मी काय सांगू? तुझा बाप तहानेनं गेला, घरात माठ भरलेला हुता?"

"प्यायलो की जावं लागतं," कार्सो हळूच म्हणाला. "जायचं म्हटलं की तू उचलतीस. तुला नगं म्हटलं तरी उचलशील, मला ठावं हाय. आन् माझं नातवंड माझ्याच वजनाखाली..."

सुमिना खाटेच्या कडेवर बसली. रागानं आली होती, आता डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. तिनं पेला भरला आणि त्याच्या तोंडाला लावला.

"प्या आधी. मग काय ते बघू."

तो प्यायला. तीन पेले प्यायला. आणि पिता पिता त्याची नजर वरच्या तुळईवर अडकली.

"सुमिना, ही तुळई सागाची हाय."

"मग?"

"ढेकळा-दगडांनी भरलेली पाटी आमी तीस हात खालनं वर काढायचो. कप्पीवर. मी काय पाटीपेक्षा जड हाय? त्या तुकियोला हाक मार."

तुकियो हा त्याचा जुना जोडीदार. कार्सो विहिरीत उतरायचा आणि वर दोर धरायचा तुकियो. दुपारी तो दोन कप्प्या आणि दोर घेऊन आला. सुमिनानं जाड पोत्याचा दुहेरी झोळणा शिवला, मांड्यांखालून आणि काखेतून येणारा. एक कप्पी तुळईला, दुसरी झोळण्याला; दोर तुळईवरून खाली आणून खांबाला वेढा द्यायचा, म्हणजे हात सुटला तरी माणूस पडायला नको.

"आधी पोती टांगून बघू," तुकियो म्हणाला. "दीड पोतं पुरं."

"दीड?" कार्सो खवळला. "म्या दीड पोत्याचा? दोन टांग! आन् वर एक भोपळा ठेव!"

दोन पोती गेली वर. तुळईनं हूं की चूं केलं नाही. मग कार्सोला झोळण्यात बसवला. तुकियोनं दोर ओढला आणि म्हातारा खाटेवरून असा अलगद उठला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पाय लोंबतायत, लुंगी वर गेलीय, दारात बाया तोंडाला पदर लावून उभ्या.

"बघता काय भवानींनो! फणस कधी बघितला न्हाय?"

"आता तू ओढ," तुकियो सुमिनाला म्हणाला. "बसून."

ती चौरंगावर बसली. दोन कप्प्यांमुळं ओढ हलकी झालेली. शेळीचं दावं ओढावं तेवढ्याच जोरानं सासरा वर आला. खुर्चीला तुकियोनं जुन्या हातगाडीची चाकं ठोकली होती, तीत तो नीट उतरला. बोलावून घेतलेल्या सुईणबाईनं दोनदा स्वतः उभं राहून बघितलं, पोटाला हात लावला आणि मान हलवली. "हे चालंल. पर बसूनच."

त्या रात्री नाही की दुसऱ्या दिवशी नाही, त्याच मिनिटाला कार्सो म्हणाला, "मला न्हाणीत न्या. लई येळ झाला."

आठ दिवसांनी सातव्या महिन्याची अंघोळ होती. गर्भारणीला वडीलधाऱ्या माणसांनी फुलांचं पाणी घालायचं. वर्षभरात कार्सो पहिल्यांदा अंगणात आला. चाकं करकरत होती, नवी टोपी घातलेली, आणि आल्या आल्या त्यानं मांडव वाकडा घातलाय म्हणून चौघांना झापलं.

सुमिना चौरंगावर बसली होती. मान सासऱ्याचा पहिला. त्यानं डाव्या हातानं करवंटी बुडवली आणि भसकन तिच्या डोक्यावर ओतली. ती किंचाळलीच.

"गार लागलं?" म्हातारा खूश झाला. "रोज सकाळी मला न्हाऊ घालतीस, तवा मी का बोंबलतो ते कळलं आता?"

सगळं अंगण हसलं. सुमिना इतकी हसली की पोट धरावं लागलं. समारंभ चालवणारी म्हातारी ओरडली, "कार्सो, एकच करवंटी! बाकीच्यांची पाळी हाय!"

पण त्यानं दुसरी भरून घेतली होती. खुर्ची जरा पुढं सरकवायला लावली आणि ते पाणी सुनेच्या पोटावरून अगदी सावकाश, धार तुटू न देता सोडलं.

"ही तिची न्हवं," तो म्हणाला. "ही माझ्या नातवंडाची. त्याला म्हनावं, निवांत ये. तुला उचलून घ्यायला माझा डावा हात मोकळा हाय."