दाजींच्या परसातली भट्टी

दाजींना मारायचं म्हणजे साधी गोष्ट नाही. सख्ख्या बहिणीचा नवरा तो! त्याच्यावर हात उगारला तरी तोंडातून आधी 'अहो'च निघतं.

"अहो दाजी, बाजूला व्हा, नाहीतर डोकं फोडीन तुमचं!" खरेदीवाला ओरडला आणि त्यानं भट्टीवर पहिला घण घातला.

बॅटरीच्या कारखान्यात खरेदीचं काम त्याच्याकडे. परदेशी गिऱ्हाईक दरवर्षी येऊन विचारायचं, तुमचं शिसं कुठून येतं, हवापाणी नासत नाही ना? मालक त्यांना जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवणारी शहराबाहेरची चकाचक भट्टी दाखवायचा. धुरांड्याला जाळ्या काय, कामगारांच्या तोंडाला मास्क काय! पण तिथलं शिसं महाग. म्हणून निम्म्या जुन्या बॅटऱ्या गुपचूप दाजींच्या परसात जायच्या. ही सोयरीक खरेदीवाल्यानंच जुळवलेली. ताईच्या घरात चूल नीट पेटेल, मालकही खूश. काय अक्कल म्हणावी! दाजी कुऱ्हाडीनं बॅटऱ्या फोडायचे, ॲसिड गटारात, शिसं कढईत, आणि ताई त्याच धुरात कपडे वाळत घालायची.

भाचीचं पोट सारखं दुखायला लागलं. आज तो तिच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला गेला, तर डॉक्टरीणबाई त्याच्यावरच उखडल्या. पोरीच्या रक्तात शिसं उतरलंय, असंच चालू राहिलं तर पोर हातची जाईल, म्हणाल्या. तो तडक इथं आला होता.

भट्टीची एक बाजू ढासळली तसे दाजी चवताळले. "माझ्या पोटावर पाय देतोस? मालकानं पाठवलं काय रे?" त्यांच्या कुऱ्हाडीचा दांडा बरगडीत बसला आणि खरेदीवाल्याच्या मस्तकात कळ गेली. त्यानं दाजींची गचांडी धरली. दोघंही फुटक्या बॅटऱ्यांवर कोसळले. ॲसिडनं दाजींची पाठ भाजून निघाली, तरी माणूस हटेना. त्यांनी मेव्हण्याचा कान दातांत धरला.

"अहो सोडा! सोडा म्हणतो ना! सोड, हरामखोरा!" झालं, एवढ्या वर्षांचा मान गेला खड्ड्यात. त्यानं दाजींचं तोंड विटांवर आपटलं, परत आपटलं. दात बाहेर आला.

"पोरीच्या रक्तात शिसं आहे!" तो किंचाळला. "या भट्टीचं!"

दाजींनी तोंड ओंजळीत लपवलं. ते लहान मुलासारखे रडायला लागले.

ताई मागच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पायऱ्या उतरून आली आणि तिनं घण उचलला. दोघांनाही वाटलं, आता भट्टीची उरलेली भिंत जाणार. पण ती भावासमोर येऊन थांबली.

"मरेल का रे ती?"

"नाही गं ताई. आजच हे बंद केलं, औषधपाणी केलं, तर वाचेल."

"बॅटऱ्या कोण पाठवत होतं इथं?"

"मी."

"हा धूर वाईट असतो, ठाऊक होतं तुला?"

मालकाचं नाव जिभेवर आलं होतं. पण ताईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही.

"होतं."

"कुठल्या हातानं पाठवल्यास?"

त्यानं उजवा हात विटांवर ठेवला. दाजी रक्ताळल्या तोंडानं "अगं, भाऊ आहे तुझा!" म्हणत धडपडत उठले, पण तोवर घण खाली आला होता.