तासियोच्या घरची माणसं

आमच्या तासियोला देवानं दोन हेक्टर भातजमीन दिली, अक्कल द्यायला मात्र इसरला. माझा सख्खा भाऊ हाय, म्हणून तोंडावर बोलते.

अर्धं अंग लुळं पडल्यावर त्यानं मृत्युपत्र केलं. जमीन लिगायाला. धाकटी लेक ती. चिखलात तीच राबती, बापाचं हागणंमुतणं तीच काढती. थोरला रुफिनो मनिलाला, सणालाबी फिरकत न्हाई. मधली मारिविक परदेशात नर्स. तिनं तिकडनंच इंटरनेटवरच्या कुलूपबंद कप्प्यात कागदाचा फोटू ठेवला, खरा कागद तांदळाच्या पेटाऱ्यात हाय असंबी लिवलं, आन बापाला बजावलं, "ताताय, पासवर्ड फकस्त घरच्यांनाच सांगा."

ह्यानं सांगितला. अकरा कुम्पारेंना! पोरांच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभी ऱ्हायलेली ही माणसं. गावजत्रेला खुर्चीत घालून नेला, तर डुक्कर भाजणाऱ्या एकेकाच्या कानात सांगितला.

"आरं मुडद्या, घरच्यांना म्हणली व्हती पोरगी!"

"मग कुम्पारे काय परके व्हय, आक्का?"

कपाळ माझं!

दुसऱ्या दिसापास्नं एकेक कुम्पारे तब्येत इचारायला यायला लागला. अंग लुळं पडलं तवा एक फिरकला नव्हता. बसायचं ते नेमकं पेटाऱ्यापाशी. म्हातारा इस्को तर झाकण उचलून म्हणतो कसा, "तांदूळ झ्याक हाय गं, लिगाया!" लिगायानं हसून झाकण लावलं, कागदाचं नावबी काढलं न्हाई. पोरगी बापावर गेली न्हाई, नशीब.

चौथ्या दिशी रुफिनो बशीतनं उतरला. संगं इस्को, त्याचाच धर्मबाप. बापाला राम न्हाई, सलाम न्हाई, सरळ पेटाऱ्यात कोपरापतोर हात.

"सा वर्सांनी भूक लागली व्हय रं?" मी इचारलं.

हात भायेर आला तो नुसता कोंड्यानं माखलेला. इस्को जमिनीकडं बघाय लागला. ह्यो चोराचा साथीदार, आन म्हणं धर्मबाप! थू!

तासियो अंथरुणातनं वरडला, "लिगाया, कागद कुठं गेला?"

"हाय. जपून ठेवलाय."

"कुठं पर?"

"तुमास्नी न्हाई सांगत, ताताय. तुमच्या घरची माणसं लई झाली."

रुफिनो पाय आपटत गेला. जेवलाबी न्हाई, तेवढाच आमचा तांदूळ वाचला. लिगाया इळा घिऊन शेताकडं गेली, कापणी थांबली व्हती.

कागद कुठं हाय ते मला ठावं हाय. तुमाला सांगू? तुमी कोण लागून गेला!