जिभेपुरतं गोड

मास्तरांना इन्शुलिन सुरू झालं आणि काकूंनी घरातली साखर हद्दपार केली. जॅम गेला, मध गेला, बिस्किटांचे पुडे गेले. साखरेच्या डब्यात त्यांनी बटणं भरली. मास्तर शिंपी, पुढच्या खोलीतच त्यांचं शिवणयंत्र, तेव्हा बटणांना घरात तोटा नव्हताच. चहासाठी गोडीच्या गोळ्यांची एक चिमुकली डबी आली. "एवढीशी गोळी, पण साखरेच्या तोंडात मारेल!" असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या.

वरच्या मजल्यावरच्या पार्लरवालीनं एकदा मास्तरांच्या हातात केकचा तुकडा ठेवला, तर काकूंनी तिला जिन्यातच फैलावर घेतलं. तेव्हापासून दोघींत अबोला होता.

एके दुपारी मास्तरांनी जेवणाआधीचं इन्शुलिन घेतलं आणि ते पानावर बसणार, तोच एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. बाही आखूड झाली होती आणि कोट संध्याकाळी घालायचा होता.

"एवढं करून आलोच," मास्तर म्हणाले.

काकूंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्या स्वतःच बाहेर आल्या, तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलं होतं. मास्तर सुईत दोरा ओवत होते आणि दोरा काही जात नव्हता. हात थरथरत होते, शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"अहो, काय होतंय?"

"काही नाही! जा तू आत!" मास्तर खेकसले. एरवी आवाज चढवणारा हा माणूस नव्हे.

रक्तातली साखर उतरली, हे काकूंनी ओळखलं. अशा वेळी लगेच गोड द्यायचं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी पेलाभर लिंबूपाणी केलं, त्यात एक सोडून चार गोळ्या विरघळवल्या आणि पेला मास्तरांच्या ओठांना लावला.

"गोड आहे ना?"

"खूप," मास्तर म्हणाले.

काकू शेजारी स्टूल ओढून बसल्या. पण थरथर थांबेना. मास्तरांची नजर कुठेतरी भलतीकडेच लागली. काकूंनी त्यांचं बोट टोचून साखर तपासायच्या छोट्या यंत्रात रक्ताचा थेंब घातला. आकडा फारच खाली होता.

आणखी दोन गोळ्या घालाव्यात म्हणून त्यांनी डबी उघडली, अन् हात तिथेच थबकला. या गोळ्यांनी रक्तातली साखर वाढत नाही, म्हणून तर आपण त्या आणल्या! मग आत्ता तरी ती कशी वाढणार? जिभेला गोड लागलं होतं, पण अंगाला काहीच मिळालं नव्हतं.

काकू चपला न घालताच जिना चढल्या. अबोला वगैरे सगळं खालीच राहिलं.

"साखर दे गं! खरी साखर! मास्तरांची उतरलीय."

साखरेचा डबा उचलून पार्लरवाली काकूंच्या पुढे धावली. अर्धा पेला पाण्यात तिनं साखर ढवळली आणि काकूंनी ते मास्तरांना घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं हातांची थरथर मंदावली. मास्तरांनी डोळे मिचमिचवत दोघींकडे पाहिलं.

"तुम्ही दोघी? एकत्र?"

काकू हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं.

पार्लरवालीनं डॉक्टरांना फोन लावला. आकडा पुन्हा तपासा, तो वर आला की जेवायला वाढा, असं ते म्हणाले. साखर पटकन चढते तशी पटकन उतरतेही, भात किंवा ब्रेड सावकाश पुरतो. आकडा वर आला. काकूंनी वरण-भात कालवून समोर ठेवला आणि शेवटचा घास पोटात जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी त्या स्वतः वाण्याकडे जाऊन साखर घेऊन आल्या. शिवणयंत्राच्या खणात, मास्तरांच्या हाताशी तिची बाटली ठेवली. चहात मात्र गोळीच पडते.

आता जेवणाच्या वेळी कुणी आलंच, तर काकू दार अर्धं उघडून सांगतात, "मास्तर जेवतायत. बसा, नाहीतर नंतर या."

बहुतेक जण बसतात.