तारेबाहेरची विष्णुक्रांता

गाय फुलं खाते, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून चंद्रकांत जोगळेकरांनी फुलांसाठी राखलेल्या कुरणाला सगळ्यात आधी काटेरी तार ठोकली. बत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत विमानाच्या पंखांची कंपनं मोजलेला माणूस. प्रयोगात नको ती गोष्ट शिरली की निकाल बिघडतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. इथे नको ती गोष्ट म्हणजे तुंगी नावाची गाय.

कानडी मुलखात, देवनहळ्ळी गावाच्या अलीकडे त्यांच्या प्रयोगशाळेतल्या निवृत्त मंडळींची सोसायटी आहे. घरं बांधून झाल्यावर कडेचं तीन एकरांचं कुरण उरलं. ते मूळचं शेजारीच राहणाऱ्या रघुपतीअण्णांच्या वडिलांचं. अण्णांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी अजून बोलतात, पण तिला कानडीची चरचरीत फोडणी. जमीन विकल्यावरही त्यांची तुंगी तिथेच चरायची आणि कुणाची ना नव्हती. पावसाळ्यात त्या खुरट्या गवतात नखाएवढी निळी विष्णुक्रांता फुलायची. गणपतीच्या एकवीस पत्रींपैकी ही एक सोसायटीतल्या बायका तिथून खुडून आणायच्या. बाकीच्या वीस बसवनगुडीच्या बाजारातून.

गाय असताना एवढी फुलं, तर गाय नसताना किती! चंद्रकांतांनी चाळीस पानी अहवाल लिहिला. अध्यक्ष सुहास भागवतांना मात्र तिथे प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरून नातवंडांसाठी क्रिकेटचं मैदान करायचं होतं. दोन सभा भांडणात गेल्यावर ठराव झाला. तीन पावसाळे चंद्रकांतांचे. तिसऱ्या गणपतीला कुरणातली विष्णुक्रांता पूजेच्या ताटात असली तर कुरण कायमचं फुलांचं, नसली तर प्लास्टिक. ठरावाला नकाशा जोडला, कारण या मंडळींना नकाशाशिवाय पोहेसुद्धा पचत नाहीत.

तार घालायच्या दिवशी अण्णा आले. रस्ता तिथे जरा वाकडा जातो; चंद्रकांतांना वाकडी तार बघवेना, म्हणून दोरी लावून ती सरळ घेणं चाललं होतं.

"सार, गाय नाही तर गवत कोण खाणार?" अण्णांनी विचारलं.

"कुणीच नाही, अण्णा. तोच तर मुद्दा आहे."

"सरी, बरं तर," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तुंगीची खुंटी तार आणि रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ठोकली.

पहिल्या वर्षी फुलं दुप्पट आली. चंद्रकांत सगळ्यांना धरधरून कुरण दाखवायचे. दुसऱ्या वर्षी गवत गुडघ्याला लागलं आणि फुलं शोधावी लागली. त्यांनी पाऊस कमी झाल्याची नोंद केली. तिसऱ्या वर्षी गवत कमरेला आलं. खाली वाळलेल्या गवताची गादी, वर नवं गवत, आणि मध्ये उन्हाचा कवडसाही नाही. गणेशचतुर्थीच्या सकाळी ते रांगत रांगत हात घालून बघत होते. कोपरं सोलली, लेंगा हिरवा झाला, विष्णुक्रांतेचं पानही मिळालं नाही.

हताश होऊन ते तारेपाशी उठून उभे राहिले आणि पलीकडे पाहतात तो काय, त्या चिंचोळ्या पट्ट्यात अंगणाएवढं एक वर्तुळ निळंनिळं झालेलं. मध्ये तुंगीची खुंटी. दोरी जिथवर पोचली तिथवर गवत कातरलेलं आणि फुलं मोकळी. जिथे पोचली नाही तिथे नुसतं गवत. खुंटीला गाय नव्हती. धार काढायला नेली असेल, असं त्यांना वाटलं.

त्यांना लाज वाटली. चाळीस पानं लिहिली आणि अण्णांच्या एका प्रश्नाला जागा दिली नाही.

मग दुसरा विचार आला. हात लांबवला की काम होतं. कोण विचारतंय तारेच्या या बाजूचं की त्या? त्यांनी वाकून तारेखालून पाच-सहा काड्या खुडल्या आणि सभागृह गाठलं.

त्यांची बायको क्षमा पत्रींचं ताट लावत होती. एक जागा रिकामी ठेवलेली. काड्या बघून तिचा चेहरा फुलला. "मिळाली हो!" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. तिचा तो चेहरा बघून खोटं बोलणं सोपं व्हायला हवं होतं, पण झालं उलटंच.

"आतली नाही," चंद्रकांत म्हणाले. "तारेबाहेरची आहे. आत एकही नाही. माझं चुकलं."

सुहास भागवतांनी गणपतीसमोर जेवढं हसणं शोभेल तेवढंच हसून घेतलं. "मग ठरावाप्रमाणे…"

"स्वल्प थांबा सार." दरवर्षी आरतीला येणारे रघुपतीअण्णा दाराशी उभे होते. "बाहेरची कशी? आमचं कुरण रस्त्यापर्यंत होतं. वळणावर दगड आहे, माझ्या वडिलांनी पुरलेला. तार यांनी सरळ घेतली, ते यांचं. कुरण काय तारेला विचारून संपतं?"

ठरावाचा नकाशा आणला गेला. चार निवृत्त अभियंते चष्मे सरसावून त्यावर वाकले, गणपती दहा मिनिटं खोळंबला. हद्द दगडापर्यंतच होती. भागवतांनी त्या रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. पण नकाशाला खोटं म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग," ते म्हणाले आणि क्षमाने एकविसावी पत्री ताटात ठेवली.

आरती झाल्यावर चंद्रकांतांनी अण्णांना बाहेर गाठलं. "अण्णा, उद्याच तार काढतो. तुंगीला आत आणा. तिच्याशिवाय काही खरं नाही."

अण्णांनी मोदक संपवला, बोटं रुमालाला पुसली. "तुंगी नाही सार. परवा दिली. चिंतामणी गावाकडचे एक ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे चारा भरपूर. त्या पट्ट्यात काय भागणार होतं तिचं? तीन वर्षं ओढली."

अण्णांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच चंद्रकांतांना जास्त लागलं.

विसर्जनानंतर त्यांनी तार काढली आणि एक विळा विकत घेतला. अख्खं कुरण त्यांच्याच्याने होणार नव्हतंच, पण दगडापासून त्यांनी सुरुवात केली. एकाहत्तराव्या वर्षी उकिडवं बसून, दोरी लावून, ओळीने. तिसऱ्या दिवशी अण्णा आले. मागे हात बांधून त्यांनी दोन ओळी होईपर्यंत बघितलं.

"सार," शेवटी ते म्हणाले, "ती दोरी काढा. गाय असं सरळ खात नाही."

चंद्रकांतांनी दोरी गुंडाळून खिशात घातली. अण्णांनी त्यांच्या हातून विळा घेतला आणि इथलं थोडं, तिथलं थोडं, मध्येच काही सोडून देत, तुंगी जशी खायची तसं गवत कापून दाखवायला लागले.